फळ्यावरची तिसरी ओळ

परिपाठाच्या फळ्यावर दिनविशेष लिहिण्याचं काम नोकरीतली बरीच वर्षं माझ्याकडे होतं. अक्षर बरं म्हणून. सुरुवातीला एक जाड वही होती, आधीच्या गुरुजींनी हातानं उतरवलेली. मग बाजारातली पुस्तिका आली. शेवटची काही वर्षं तर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर आदल्या रात्रीच तयार पान येऊन पडायचं. सुविचार, म्हण, बोधकथा, दिनविशेष, सगळं एकाच पानावर. गडचिरोलीच्या शाळेत जे, तेच सावंतवाडीत आणि तेच आमच्या शिंदखेडा तालुक्यात. खडू घ्यायचा आणि उतरवून काढायचं.

१४ एप्रिलला सुटी असली तरी जयंतीला मुलं सकाळी शाळेत येतात, म्हणून फळा आदल्या दिवशी शेवटच्या तासालाच लिहून ठेवायचे. दोन ओळी ठरलेल्या. पहिली : १८९१, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा महू येथे जन्म. दुसरी : १९४४, मुंबई गोदीत भीषण स्फोट, अग्निशमन सेवा दिन. लिहून झालं की हात झटकायचे, पिशवी उचलायची आणि फाट्यावर येऊन दोंडाईच्याकडून येणारी धुळ्याची एसटी धरायची. ती एसटी चिमठाण्यावरून जाते.

याच चिमठाण्याला १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईची गोदी पेटली त्याच शुक्रवारी, इंग्रज सरकारचा खजिना लुटला गेला. साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम होती. त्या काळातले साडेपाच लाख. साताऱ्याकडं लोकांनी इंग्रजांना न जुमानता थाटलेल्या प्रतिसरकारातले जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि त्यांचे साथीदार इतक्या लांबून इथं आले होते, आणि त्यांच्याबरोबर आपल्या खानदेशातली माणसं होती. अमळनेर तालुक्यातल्या डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील त्यांतले एक. चिमठाण्याजवळ या लुटीचं स्मारक आहे. मी वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं येत-जात होते, आणि १३ एप्रिलला फळ्यावर दोनच ओळी लिहीत होते.

यात कोणाला दोष द्यायचा तर पहिला मलाच. पण हे माझ्या एकटीचं नाही म्हणून लिहिते आहे. आपल्या राज्याचा दिनविशेष ठरतो कसा, कोण ठरवतं आणि एवढं मुकाट्यानं आपण तो का उतरवतो, हा प्रश्न रोज सकाळी राज्यातल्या हजारो फळ्यांवर असतो आणि कोणालाच पडत नाही.

खानदेशात या विषयावर बोलायला बसलं की पाचव्या मिनिटाला गाडी एकाच ठिकाणी येते : पुण्या-मुंबईवाल्यांनी आपल्याला वगळलं. हे ऐकायला बरं वाटतं. चौदा एप्रिलचा दिवस मात्र या तक्रारीला फारसा साथ देत नाही. मुंबईच्या स्फोटाचंच घ्या. फोर्ट स्टिकाइन नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गासड्या आणि सोन्याच्या विटा. कापूस धुमसायला लागला आणि चारच्या सुमारास पहिला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. एकूण मेलेल्यांचा आकडा आजही अंदाजानंच सांगतात, कमीत कमी सातआठशे. सोन्याची एक वीट उडून लांबच्या एका घराचं छप्पर फोडून आत पडली. एवढा उत्पात मुंबईच्या मध्यावर झाला आणि सरकारनं युद्धाचं कारण सांगून बातमी दाबली; मे महिना उजाडेपर्यंत वार्ताहरांना सविस्तर काही बाहेर पाठवता आलं नाही. म्हणजे जी तारीख आज पाठ आहे, ती त्या महिन्यात छापायलाही बंदी होती. मुंबई आहे म्हणून आपोआप टिकली, असं तिचं झालेलं नाही.

ती टिकली कारण तिला वारस होता. आगीच्या बंबावरची माणसं आपल्या ६६ सोबत्यांना विसरली नाहीत. दरवर्षी मानवंदना, मग राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन, मग १४ ते २० एप्रिलचा सप्ताह, त्याची परिपत्रकं, शाळाशाळांतून प्रात्यक्षिकं. पुस्तिका छापणाऱ्याला ही तारीख शोधावी लागली नाही, ती त्याच्या टेबलावर चालत आली. आपण धरून चालतो की प्रसंग मोठा असला की तो दिनविशेषात येतो. मला ते पटत नाही. ज्या प्रसंगाला सांभाळणारी माणसं किंवा खातं मिळालं तो येतो, आणि मोठेपणा त्याला मागाहून चिकटतो. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन घ्या. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. यावल-रावेर पट्ट्यातली ही एक गोष्ट राज्यभराच्या पुस्तिकांत हमखास असते, कारण काँग्रेसच्या अधिवेशनांची यादी कुठंही छापील मिळते. केळीच्या बागांमध्ये तंबूंचं गाव कोणी उभं केलं, त्यासाठी राबलेली माणसं कुठल्या गावची, ते त्या यादीत नसतं, म्हणून पुस्तिकेतही नसतं.

याच्या उलट उदाहरण चौदा एप्रिलच्या पहिल्या ओळीत आहे. आज जयंतीला देशभर सुटी असते म्हणून आपल्याला वाटतं, ही तारीख सरकारनं दिली. सार्वजनिक जयंती सुरू केली ती पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी, १४ एप्रिल १९२८ ला, बाबासाहेब हयात असताना. तेव्हा कसली सुटी आणि कसलं परिपत्रक! लोकांनी तारीख धरून ठेवली, सरकार मागून आलं.

आपल्याकडे तर याहून लहान प्रसंगाची याहून मोठी गोष्ट आहे. ३१ जुलै १९३७. बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या रानातल्या लांडोर बंगल्यावर उतरले. बस, एवढंच. सत्याग्रह नाही, परिषद नाही, एका वकिलाचा मुक्काम. इतिहासाच्या कुठल्याही चाळणीतून हा प्रसंग खाली पडला असता. पण दरवर्षी ३१ जुलैला त्या डोंगरावर माणसांची रीघ लागते. पाऊस असतो, चिखल असतो, लहान पोरं खांद्यावर असतात, आणि ही माणसं वर चढतात. पुस्तकांची दुकानं लागतात, गाणी होतात. पुस्तिकेत ही तारीख मी कधी पाहिली नाही, आणि ज्यांना ती हवी आहे त्यांना पुस्तिकेची गरजही पडलेली नाही. पुण्या-मुंबईची तक्रार करणाऱ्यांना मी म्हणते, एकदा ३१ जुलैला लळिंगला चढून या.

मग चिमठाण्याचं असं का झालं? स्मारक आहे, जुनी माणसं अभिवादन करत आली. पण ती लूट पुढं सांगितली गेली प्रतिसरकारच्या गोष्टीचा एक भाग म्हणून, आणि त्या गोष्टीचं घर कृष्णाकाठी आहे. तिकडं ती ‘धुळ्याचा खजिना’ या नावानं ओळखली जाते. नावातूनही चिमठाणे गळालं. त्यांची चूक म्हणता येत नाही. त्यांनी आपल्या माणसांची गोष्ट नीट जपली, पोवाड्यातून, मेळाव्यांतून, लेझमीच्या तालावर जपली. आपल्याकडचा अर्धा भाग आपण जपायचा होता. त्या लुटीत कोणाच्या मळ्यात मुक्काम झाला, कोणाच्या घरून भाकरी गेली, नंतर कोणाला मार पडला, हे सांगणारी माणसं आसपासच्या गावांत होती. मी नोकरीला लागले तेव्हाही होती. मी त्यांच्या नातवंडांना सतरावा पाढा शिकवत होते.

एका म्हाताऱ्या बाबांना मी एकदा विचारलं होतं, तेही सहज, एसटीची वाट बघताना. ते तेव्हा बकऱ्या चारण्याच्या वयाचे होते. म्हणाले, “तारीख माले नही मालूम बाई. आखाजी जवळ उनथी, इतलंच याद शे.” पुढं म्हणाले, पोलिस गावोगाव फिरायला लागले आणि बाप्ये माणसं रात्री मळ्यात झोपायला जायची. एवढ्यात गाडी आली. मी चढले. नंतर पंचांग धरून मोजलं तर १९४४ ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येते. चौदा तारखेपासून दहाबारा दिवस. बाबांची आठवण पक्की होती, फक्त ती पुस्तिकेत बसेल अशा मापाची नव्हती.

इथंच दिनविशेष नावाच्या प्रकाराची मुळातली खोड दिसते. त्याला इसवी सनाची तारीख लागते, आणि तारीख त्याची असते ज्याच्या हातात लेखणी होती. अजिंठ्याची लेणी ‘सापडल्याची’ तारीख जगाला माहीत आहे : २८ एप्रिल १८१९. का माहीत आहे, तर मद्रासच्या फौजेतल्या जॉन स्मिथ नावाच्या साहेबानं दहाव्या लेण्यात चाकूनं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. त्या दऱ्यांत गुरं चारणाऱ्यांना लेणी त्याआधीही ठाऊक होतीच. त्यांनी खांबावर नाव कोरलं नाही एवढाच त्यांचा गुन्हा. (तसं आज कोणी करील तर पुरातत्त्व खातं धरून नेईल, आणि योग्यच करील.)

सातपुड्याचं याहून जड आहे. ११ एप्रिलला फळ्यावर महात्मा फुल्यांचा जन्म असतो, १८२७. असायलाच हवा. त्याच तारखेला १८५८ साली सातपुड्यातल्या आंबापाणीला खाज्या नाईकांच्या भिल्लांची आणि इंग्रज फौजेची लढाई झाली. पकडलेल्यांना तिथंच गोळ्या घातल्या, बायका-पोरांना कैद करून नेलं. ही तारीख आपल्याला मिळते ती गोळ्या घालणाऱ्यांच्या खलित्यांतून. मेलेल्यांच्या बाजूनं लिहिलेला एकही कागद नाही; गाणी आहेत, पाड्यांवरच्या आठवणी आहेत. फुल्यांच्या ओळीखाली आंबापाणीची ओळ लिहिली तर फुल्यांचं काही कमी होत नाही. उलट, ज्या माणसानं आयुष्यभर विचारलं की हा इतिहास लिहिला कोणी, त्याच्या जयंतीला याहून चांगली जोड कुठली?

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खोटे नाहीत.

एका केंद्रप्रमुखांनी मला समजावलं होतं की बाई, प्रत्येक तालुक्यानं आपला दिनविशेष काढला तर राज्याचा इतिहास म्हणून एक काही राहणार नाही; पोरांना स्पर्धा परीक्षेत मुंबईचा स्फोट विचारतील, चिमठाणे कोण विचारतं? परीक्षेचं म्हणणं खरं आहे. पण राज्याच्या एकपणाबद्दल माझा अनुभव उलटा आहे. व्हॉट्सॲपवरच्या पानात जोडलेलं काही नसतंच. जन्म, मृत्यू, स्फोट, शोध, विक्रम, एकाखाली एक, जसा आठवडे बाजारात कोणी जुन्या सामानाचा ढीग मांडावा. चिमठाणे त्यात घातल्यावर मला पहिल्यांदा चौदा एप्रिल १९४४ हा एक दिवस म्हणून दिसला. युद्ध चालू आहे. सरकार स्फोटकं आणि कापूस एकाच जहाजात कोंबतंय, कारण घाई आहे. नियम धाब्यावर बसवलेत, नंतर बातमीही दाबायची आहे. त्याच सरकारच्या नाकावर टिच्चून साताऱ्याकडं लोकांनी आपलं सरकार थाटलंय, न्यायनिवाडे करतंय, तंटे मिटवतंय, आणि त्याला पैसा हवा म्हणून त्याची माणसं तापीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोचलीयत. गोदी आणि चिमठाणे यांच्यामध्ये तीनशेहून जास्त किलोमीटर आहेत, पण सरकार एकच होतं. तालुक्याची ओळ घातल्यानं राज्य फुटलं नाही. मला तरी ते तेव्हाच एकसंध दिसलं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मीच स्वतःला घालते. गावागावांत दिनविशेष काढायची मुभा दिली की फ्लेक्स लागणार. कोणाच्या आजोबांना क्रांतिकारक करायचं, कोणत्या समाजाच्या पूर्वजाला तारीख चिकटवायची, याची चढाओढ लागणार. हे होतंच आहे. दर वर्षी नव्या जयंत्या निघतात, आणि जन्मतारीख कुठून आणली विचारलं तर लोक अंगावर येतात. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनीच्या वेळी काय काय कागद तयार झाले ते जुन्या कारकुनांना विचारा. सगळं सांगणार नाहीत, पण हसतील.

यावर औषध बाहेरून आणायची गरज नाही, धुळ्यातच आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात वारले. ज्या माणसानं उभा महाराष्ट्र पायी तुडवत लोकांच्या माळ्यांवरून, उतरंडींतून, वाण्याच्या रद्दीतून जुनी पत्रं गोळा केली, त्यांचं दप्तर सांभाळण्यासाठी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ याच शहरात उभं राहिलं. त्यांचा हट्ट एकच होता : अस्सल कागद दाखवा, मग बोला. सोपा नियम आहे, सातवीतल्या पोरालाही कळतो. फळ्यावर ओळ लिहायची तर तिच्याखाली लहान अक्षरात लिहायचं की हे कशावरून : गॅझेटियर, कोर्टाचा निकाल, शाळेचं जनरल रजिस्टर, शिलालेख, की अमुक गावच्या माणसांचं सांगणं. शेवटचंही चालेल, पण ते सांगणं आहे असं लिहून. ज्या ओळीला काहीच आधार नाही ती पुसायची, मग ती कितीही मोठ्या घरची असो. छापील पुस्तिका तरी कुठं आधार देते? तिच्यातल्या तारखा आपण निमूट घेतो आणि गावच्या तारखेला मात्र दाखला मागतो.

आणि दाखले आहेत. चाळीसगावजवळ पाटणादेवीला जाणारे बहुतेक लोक देवीला नारळ फोडून, धबधब्यात भिजून परत येतात. तिथं शके ११२८ चा शिलालेख आहे. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण, त्या मुहूर्तावर मठाला दिलेलं दान. मठ कशासाठी, तर भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी. काढणारा त्यांचा नातू चांगदेव. लेखाचा काही भाग त्या वेळच्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातून, तेलाच्या घाण्यामागे पळीपळीनं मठाला काय द्यायचं तेही कोरलंय. आठशे वर्षांपूर्वी आपल्या या कोपऱ्यात गणित शिकवायची सोय गावच्या तेल्या-वाण्यांच्या वर्गणीतून होत होती, त्याचा दिवस दगडात लिहिलेला आहे, आणि आमच्या परिपाठात गणिताच्या नावानं परदेशी गणितज्ञांचे वाढदिवस येतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण श्रावणी पौर्णिमेला राखी बांधून झाल्यावर ही गोष्ट पोरांना सांगायला किती वेळ लागतो?

धुळ्याचा तुरुंग घ्या. १९३२ साली विनोबा तिथं कैदेत होते आणि २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेवर बोलत होते. अठरा अध्याय, अठरा रविवार, १९ जूनला शेवटचा. समोर बसलेल्या कैद्यांत साने गुरुजी होते आणि ते उतरवून घेत होते. गुरुजींची लेखणी नसती तर ती प्रवचनं त्या भिंतींतच जिरली असती. आता २१ फेब्रुवारीला शाळांतून जागतिक मातृभाषा दिन साजरा होतो, आम्हीही करत होतो. तुरुंगात, चोर-दरोडेखोरांच्या शेजारी बसून, साध्या मराठीत गीता सांगितली गेली ती याच तारखेला, याच शहरात. दोन्ही गोष्टी एकमेकींशेजारी मांडायला कोणा वरिष्ठाची परवानगी लागत नव्हती. लिहून ठेवणाऱ्याचं मोल आपल्याला कळायला हवं होतं. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, सोपानदेवांच्या घरातून त्यांची गाणी कागदावर उतरली म्हणून आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

एक वर्ष मी तिसरी ओळ लिहिली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. १३ एप्रिलला, शेवटच्या तासाला : १९४४, चिमठाणे येथे सरकारी खजिन्याची लूट. सहावीतला एक मुलगा फळ्याकडं बघत बसला होता. म्हणाला, “बाई, ती तर चोरीच झाली ना?” मागून कोणी तरी ओरडलं, इंग्रजांचे पैसे होते. त्यावर पहिला म्हणाला, “इंग्रज पैसे घरून आणायचे का?” मग तिजोरीत पैसा येतो कुठून यावर गाडी गेली, शेतसाऱ्यावर आली, एका मुलीनं विचारलं की मग लुटलेले पैसे ज्यांचा सारा होता त्यांना परत दिले का. मला उत्तर देता येईना. मुंबईच्या स्फोटावर इतक्या वर्षांत एकाही पोरानं प्रश्न विचारला नव्हता. तयार पानांमध्ये असले प्रसंग का येत नसावेत याचा अंदाज मला त्या दिवशी आला. जन्म आणि मृत्यूंवर वाद होत नाही. लुटीवर होतो, गोळीबारावर होतो, कोणाच्या जमिनीवर धरण झालं यावर तर गावात आजही होतो. मास्तरांना वाद नको असतात, आणि खात्याला तर त्याहून नको असतात.

नंदुरबारचंही सांगते. ९ सप्टेंबर १९४२, शिरीषकुमार मेहता. खानदेशातली ही एक तारीख राज्यभर पोचली आहे, कारण पंधरा वर्षांचं पोर, हातात झेंडा, ‘नहीं नमशे’चा घोष, आणि माणिक चौकातलं स्मारक. पण त्या दिवशी गोळीबारात पाच जण गेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा ही बाकीची चार नावं नंदुरबारच्या बाहेर किती शिक्षकांना सांगता येतील? मलाही फार उशिरा पाठ झाली. राज्याच्या पानावर जागा एका ओळीची असते, तिथं एकच नाव मावतं हे मी समजू शकते. जिल्ह्याच्या फळ्यावर पाचही मावतात. तेवढ्यासाठी तरी जिल्ह्याचा फळा वेगळा हवा.

निवृत्त झाल्यापासून मी एक वही केली आहे. प्रत्येक तारखेला एक पान, वर तारीख, खाली प्रसंग, त्याखाली कशावरून. गेली तीन वर्षं भरते आहे. काही पानांवर काट आहे, कारण मोठ्या उत्साहानं लिहिलेलं नंतर खोटं निघालं. एका गावानं तर अजून माझ्याशी बोलणं टाकलंय. २१ फेब्रुवारी लिहून झाली, ११ आणि १४ एप्रिल झाल्या, ३१ जुलै झाली. १ जुलैच्या पानावर कृषी दिनाखाली नंदुरबार जिल्हा झाल्याची नोंद आहे, १९९८. ती फळ्यावर लिहायची तर आधी तळोद्या-धडगावच्या माणसाला जिल्ह्याचं गाव किती लांब पडायचं ते सांगावं लागेल. पाटणादेवीचा शिलालेख कुठल्या पानावर लिहायचा यावर मी अडले होते. शेवटी श्रावणी पौर्णिमेसाठी वहीच्या मागच्या बाजूनं वेगळी पानं सुरू केली, तिथीची. आखाजीचं पान त्यातच आहे. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं, तेव्हा शेतात राबणाऱ्याचं नवं वर्ष कुठलं हे लिहायला इसवी सनाच्या बाजूला जागाच नव्हती. सारंगखेड्याची घोड्यांची यात्राही मागच्याच बाजूला, दत्तजयंतीखाली.

मार्च महिना मात्र दोन्हीकडून जवळजवळ कोरा आहे. सातपुड्यात माणसांचा सगळ्यात मोठा मेळा तेव्हाच भरतो, होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार लागतात, काठी गावच्या होळीला लोक डोंगर उतरून, पायी, रात्र-रात्र चालत येतात. मागच्या होळीला काठीला जायचं ठरवलं होतं, गुडघ्यानं जाऊ दिलं नाही. या वर्षी अक्कलकुव्याहून एक जुना विद्यार्थी गाडी घेऊन येतो म्हणालाय. वही बरोबर नेणार आहे.